दहा लाख नऊचा ताळा

गुरुजी,

फार उशिरा लिहितो आहे, माफ करा. तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं, त्याच्या पुढे मी केव्हाच निघून आलो. हिशोबाने आता मी तुमच्याहून मोठा आहे, तरी हात ‘गुरुजी’ असंच लिहितो, त्याला दुसरं काही ठाऊक नाही. आधी लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं, नुसता राग होता. गेल्या महिन्यात मात्र एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून जेवण अंगी लागत नाही. तर पहिल्यांदा तीच सांगून टाकतो. दहा लाख नऊ हा आकडा तुटतो. दोनशे त्र्याण्णव गुणिले तीन हजार चारशे तेरा. मी तुमच्यासमोर बसून सांगितलं होतं की तुटत नाही, आणि तुम्ही ‘ठीक’ म्हणाला होता. त्या संध्याकाळी तुम्हाला खरं काय ते ठाऊक होतं का, एवढंच मला विचारायचं आहे.

तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी पत्र. पण तुम्ही मला शाळेत असल्यापासून ओळखता. माझा स्वभाव संशयी. दाराला कडी लावली तरी दोनदा ओढून बघणार, औषधाची गोळी खाल्ली तरी पाकिटावर तारीख वाचायला परत चष्मा शोधणार. सून म्हणते, बाबांना देवाने दोन डोळे दिलेत, पण त्यांचा एकमेकांवर विश्वास नाही. हसून म्हणते, पण म्हणते.

खाडीच्या बांधाला लागून आपली दोन खोल्यांची शाळा होती. मागे मिठाचे ढीग, पावसाळा जवळ आला की गवताने शाकारलेले, त्यामुळे लांबून शाळेच्या मागे आणखी एक गाव आहे असं वाटायचं. तुम्ही देशावरचे, आमच्या पोरांचं बोलणं तुम्हाला आधी कळायचं नाही. मी ‘पानी’ म्हणालो की तुम्ही ‘पाणी’ म्हणवून घ्यायचा. पण गणितात तुमचं आमचं जुळलं. तुम्ही आम्हाला ताळा शिकवला. आकड्यातले अंक मिळवायचे, येईल त्यातले पुन्हा मिळवायचे, एकच अंक उरेपर्यंत. भागाकार केला की भाजकाचा ताळा गुणिले भागाकाराचा ताळा, त्यात बाकीचा ताळा मिळवायचा, तो भाज्याच्या ताळ्याशी जुळला पाहिजे. जुळला तर गणित बरोबर. तुम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘ताळा जुळला, संशय टळला’. ते तुमचं स्वतःचं होतं की कुठून घेतलेलं, मला अजून माहीत नाही.

एक दिवस सगळ्यांनी पाट्या दाखवल्या आणि मी एकटा अजून पाटीवर वाकलेला. तुम्ही मागून येऊन उभे राहिलात. माझा ताळा जुळला होता, आणि तरी मी तोच भागाकार पुन्हा करत होतो. तुम्ही विचारलंत, “ताळा जुळला ना?” मी म्हणालो, “जुळला, गुरुजी. पन बगतो.” “काय बघतोस?” “बरोबर हाय का ते.” मग तुम्ही छडी मारलीत. फार जोरात नव्हती. पण तुम्ही म्हणालात, “मी सांगितलेल्यावर विश्वास नाही, तर मग शाळेत कशाला येतोस लेका,” आणि वर्ग हसला. त्या दिवसापासून ताळा जुळल्यावर मी कुठलंही गणित दुसऱ्यांदा केलेलं नाही. बाकी सगळ्या जगावर संशय घेतला, ताळ्यावर नाही घेतला.

सातवी झाली आणि बापाने मिठागरात घातलं. त्यात तक्रार काही नाही, सगळीच पोरं जात होती. पुढे नवीन शहर यायचं म्हणून मोजणीवाले आले, खुणांचे दगड पुरले, आणि मिठागरं एकामागून एक बंद होत गेली. सत्तरच्या पुढची वर्षं ती. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एका रंगाच्या कारखान्यात मी हेल्पर म्हणून लागलो. घरी आलो की लहान भाऊ बघायचा, आज माझे पाय कुठल्या रंगाचे. तिथे एक गोष्ट लगेच कळली. मॅट्रिक असेल त्याला ऑपरेटर करतात, नसेल तो शेवटपर्यंत ड्रम ढकलतो. तीस वर्षांचा होत आलो होतो, दोन मुलं होती. बाहेरून परीक्षेला बसता येतं, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, असं कुणीतरी सांगितलं. हायस्कूलच्या हेडमास्तरांशी तुमची ओळख आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. म्हणून मी तुमच्याकडे आलो.

शाळेशेजारच्या तुमच्या त्या खोलीतलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. काकू स्टोव्हला पिन मारतायत, तुम्ही पाटावर बसून शेंगा सोलताय. मी दारातच उभा आहे कारण पाय निळे आहेत. काकू म्हणतात, “अरे ये की आत, फरशीला काय होतंय.” मी आत येतो आणि फॉर्मचं सांगतो. तुम्ही एक शेंग फोडता, दाणे काकूंच्या ताटलीत टाकता.

“इंग्रजीचं काय करणार?”

“शिकंन.”

“कधी? शिफ्ट करून, मुलं सांभाळून?”

“जमवंन, गुरुजी.”

“सगळे असंच म्हणतात. चार महिने येतात, मग दिवाळी येते, मग कुणाचं तरी लग्न येतं.” तुम्ही काकूंकडे बघून म्हणालात, “मागच्या वर्षीचा तो आठवतो का, मोठी वही घेऊन आला होता?” काकू म्हणाल्या, “त्याने ती वही वाण्याला विकली.” तुम्ही हसलात, मी नाही हसलो. मला वाटलं, हे माझ्यासाठीच ठरवून बोलतायत.

मग तुम्ही मला तो आकडा दिलात. एक, पाच शून्यं आणि नऊ. म्हणालात, “हा मूळ आहे की तुटतो, ते शोधून ये. हजाराचा वर्ग दहा लाख आणि तिनाचा वर्ग नऊ, दोन्ही मिळून हा झाला. दिसायला साधा आहे. हजाराच्या आतल्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघ. त्यातल्या एकानेही तुटला नाही तर पुढे बघायची गरज नाही, कारण तुटला तर दोन तुकडे होणार, आणि दोन्ही तुकडे हजाराच्या वर असतील तर गुणाकार ह्याच्या पुढे जाईल. एक काम तू टोकापर्यंत नेतोस का, ते मला बघायचंय. ते नेलंस की फॉर्मचं बघू.” आणि लिहायला मुलांच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दिलात, मागच्या बाजू कोऱ्या होत्या म्हणून. तुम्ही मला आयुष्यात दिलेली वस्तू म्हटली तर ती एक.

घरी जाताना बांधावर पहिला संशय आला. माणसाला टाळायचं असेल तर काय करावं? न तुटणारा आकडा द्यावा. तो बसेल डोकं फोडत, आणि आपण शेंगा सोलत बसू. पण काम सुरू केलं. आधी एक ते हजार आकडे मांडले आणि खोडत गेलो, दोनाचे, तिनाचे, पाचाचे, साताचे. उरल्या त्या मूळ संख्या. मग एकेकीने भाग. सम नाही, पाच नाही. अंकांची बेरीज दहा, म्हणून तीन नाही. साताला बाकी तीन. अकराला बाकी दहा. तेराला बाकी दहा. सतराला एक, एकोणिसाला एक. सदतिसाला पुन्हा दहा. हे बघून मी घाबरलो. वेगवेगळ्या माणसांनी एकच साक्ष दिली की पोलीस समजतात, पढवून आणलेत. मला तसंच वाटलं, ह्या आकड्यात कुणीतरी काहीतरी आधीच करून ठेवलं आहे. सुट्टीच्या दिवशी तुमच्याकडे धावत आलो. तुम्ही म्हणालात, “नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवला अकरा, तेरा, सदतीस सगळ्यांनी भाग जातो. तुझा आकडा त्याच्या पुढे दहाने आहे. म्हणून बाकी दहा. भूत नाही त्यात.” मी भागून पाहिलं, खरं होतं. तरी परत जाताना वाटलं, ह्यांना हे इतकं तयार कसं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी ड्रमच्या कडेला बसून भागाकार करायचो. फोरमनने बघितलं आणि विचारलं, “काय रे, मटक्याचा आकडा काढतो का?” मी नाही म्हणालो, त्यामुळे सगळ्यांची खात्रीच पटली. मग रोज कोणीतरी खांद्याला खांदा लावून बसायचं. “बोल ना, आज काय लागेल? आपल्यात ठेव.” मी म्हणायचो, “अजून तुटला नाय.” ते एकमेकांकडे बघायचे, तुटला नाय म्हणजे नक्की काय, ह्याचा अर्थ लावत. घरी बायको वेगळीच. ताट वाढून ठेवलेलं, माश्या बसतायत, आणि मी तीनशेच्या आसपास कुठेतरी. ती म्हणाली, “त्या आकड्यालाच वाढू का जेवन? तो तरी गरम खाईल.”

प्रत्येक भागाकाराचा ताळा बघत होतो. जुळला की खूण, पुढचा. जुळला नाही तर पुन्हा. असं करत नऊशे सत्त्याण्णवपर्यंत पोचलो. कुणीच पूर्ण गेला नाही.

तो गठ्ठा घेऊन आलो ती संध्याकाळ. तुम्ही ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता, काकू देवळात गेल्या होत्या. मी म्हणालो, “नाय तुटत, गुरुजी. मूळ हाय.”

“सगळे करून बघितलेस?”

“सगळे.”

“ताळा?”

“सगळ्यांचा जुळला.”

तुम्ही गठ्ठा मांडीवर घेतलात. काही कागद उलटलेत. मधे एका ठिकाणी थांबलात, की फक्त चष्मा सारखा केलात, ते मला नक्की सांगता येणार नाही. मग म्हणालात, “ठीक. ठेवून जा.” मी म्हणालो, “फॉर्म?” तुम्ही म्हणालात, “बघू.” मी बांधावरून घरी जाताना जवळजवळ पळत होतो. हजाराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांना मी भेटून आलो होतो, असा दुसरा माणूस आमच्या गावात नव्हता.

फॉर्मची मुदत जवळ आली तेव्हा पुन्हा आलो. तुम्ही म्हणालात, “या वर्षी राहू दे.” का, ते सांगितलं नाहीत. मी विचारलं, “माझं काय चुकलं?” तुम्ही म्हणालात, “चुकलं असं नाही. अजून थोडं पक्कं होऊ दे.” काय पक्कं होऊ दे, गुरुजी? मी तेव्हा मनात काय काय घेतलं ते आता सांगतो. हा मिठागरातला, ह्याला कशाला मॅट्रिक, असं तुम्हाला वाटलं असणार. हेडमास्तरांकडे तुमचा एकच शब्द चालत असेल आणि तो तुम्ही दुसऱ्या कुणासाठी राखला असणार. त्या वर्षी बाजूच्या गावातला एकजण बसला, हे मला कळलं होतं. तो तुमच्याकडे येत होता की नाही, ह्याची मी चौकशी केली, पण धड कुणी सांगेना, आणि धड कुणी सांगत नाही म्हणजे काहीतरी आहे असं मी धरलं. पुढच्या वर्षी मी आलो नाही. मॅट्रिक झालो नाही, ऑपरेटर झालो नाही. निवृत्त होईपर्यंत ड्रमच ढकलले. माझ्यानंतर लागलेली पोरं मला ‘काका, जरा तो व्हॉल्व्ह’ म्हणायची.

ऐंशीच्या पुढे कधीतरी कळलं की तुम्ही निवृत्त होऊन वाशीला मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेलात आणि तब्येत बरी नाही. बायकोने ढकललं म्हणून आलो. दुसरा मजला, गॅलरीत तुमची कॉट. श्वास लागत होता. काकूंनी मला बघितलं आणि पहिलं वाक्य काय बोलल्या, आठवतं? “आलास बाबा. अरे, दिवसभर तुझाच आकडा घेऊन बसतात हे. औषध घ्या म्हटलं तरी थांब म्हणतात.” मला ते गाऱ्हाणं वाटलं. जणू मीच तुम्हाला आजारी पाडलं. मी म्हणालो, “मी तर कधीच सोडून दिला तो.”

तुम्ही हाताने बस म्हणालात. मग म्हणालात, “नऊशे बहात्तरचा वर्ग कर. दोनशे पस्तीसचा वर्ग कर. दोन्ही मिळव.”

“आता कशाला, गुरुजी.”

“कर तर खरं.”

काकू म्हणाल्या, “अहो, त्याला चहा तरी पिऊ द्या. आल्या आल्या शाळा.” तुम्ही हसलात आणि त्या हसण्याने खोकला आला, तो थांबेपर्यंत मी गॅलरीतून खाली बघत बसलो. खाली कोणीतरी स्कूटर पुसत होतं. मी चहा पिऊन निघालो. पुन्हा येतो म्हणालो.

घरी जाऊन केलं. नऊ लाख चव्वेचाळीस हजार सातशे चौऱ्याऐंशी अधिक पंचावन्न हजार दोनशे पंचवीस. आलं दहा लाख नऊ. तोच आकडा. मी तो कागद हातात धरून बसलो आणि मला अर्थ लागला तो असा, की म्हातारा मला टोमणा मारतोय. हजार आणि तीनने जा नाहीतर नऊशे बहात्तर आणि दोनशे पस्तीसने जा, पोचणार तिथेच, तू आहेस तिथेच राहणार. दुसरा अर्थ मला सुचला नाही. संशयी माणसाला पहिला सुचतो तोच पुरतो. पुन्हा येतो म्हणालो होतो, ते राहिलं, आणि मग तुम्ही गेल्याचं कळलं.

आता हल्लीचं. आम्ही करंजाड्याला राहतो, मुलाने फ्लॅट घेतला. सून घरी गणिताच्या शिकवण्या घेते. गेल्या महिन्यात ती दहावीच्या मुलींना वर्ग शिकवत होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की एकच आकडा दोन वेगळ्या जोड्यांच्या वर्गांनी बनतो का. मुली गेल्यावर ती माझ्याकडे आली. “बाबा, कुठला आकडा?” मी सांगितला, दोन्ही जोड्या सांगितल्या. ती म्हणाली, “दोन प्रकारे आला म्हणजे तो मूळ असूच शकत नाही. तुटणारच.”

मी म्हणालो, “तो तुटत नाही. मी स्वतः भागून पाहिलाय, हजारापर्यंत.”

“कधी?”

“तुझा नवरा रांगत होता तेव्हा.”

“मग तेव्हा काहीतरी चुकलं असेल.”

“ताळा जुळला होता.”

ती बसली. शिकवणीचाच एक कागद उलटा केला. हजारातून नऊशे बहात्तर गेले, अठ्ठावीस. दोनशे पस्तिसातून तीन गेले, दोनशे बत्तीस. दोघांना चारने भागलं, आले सात आणि अठ्ठावन्न. सातचा वर्ग एकोणपन्नास, अठ्ठावन्नचा तीन हजार तीनशे चौसष्ट, मिळून तीन हजार चारशे तेरा. “ह्याने भागा,” म्हणाली, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठून गेली. मी भागलं. दोनशे त्र्याण्णव, बाकी काही नाही. माझा विश्वास बसेना. ती बाहेर आल्यावर विचारलं, “मोबाइलवर बघून सांगितलंस ना?” ती म्हणाली, “बाबा, तुमचं टेन्शन नक्की काय आहे? आकडा तुटला ह्याचं, की मी तोडला ह्याचं?” ती म्हणाली तो नियम सगळ्याच आकड्यांना लागतो का, हे मी अजून दुसऱ्या लहान आकड्यांवर करून बघतो आहे. पासष्टवर लागला. पंच्याऐंशीवर लागला.

मग मी त्या दोनशे त्र्याण्णवच्या मागे लागलो. सरळ तीनशेच्या आतला आकडा, मी त्याला भेटलो होतो, मग सुटला कसा? ताळा जुळल्याशिवाय मी खूण केली नसणार. बसून भागाकार पुन्हा मांडला. तीन, मग चार, मग एक, आणि तिथे बाकी उरते ८७, त्यावर शेवटचा नऊ उतरवायचा, ८७९, तीनदा पूर्ण जातं. आता, गुरुजी, मला एक सवय आहे. दोन अंक मी उलटे लिहितो. बँकेत, गॅसच्या नंबरात, अजूनही लिहितो. मी मुद्दाम ८७ च्या जागी ७८ लिहून बघितलं. ७८९, दोनदा जातं, भागाकार ३४१२, बाकी २०३. मग ताळा घेतला. २९३ चा पाच, ३४१२ चा एक, पाच एके पाच. २०३ चा पाच. पाच आणि पाच दहा, दहाचा एक. दहा लाख नऊचा एक. जुळला.

अंक उलटे झाले तरी बेरीज तीच राहते, म्हणून ताळ्याला ती चूक दिसतच नाही. तेव्हा असंच झालं हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, पण दुसरं काही होण्याची वाटही दिसत नाही. तो गठ्ठा बघायला मिळाला असता तर निकाल लागला असता. तुम्ही गेल्यावर, काकू होत्या तेव्हाच, आपली मेहनत परत मिळावी म्हणून मी त्यांच्याकडे चौकशीला माणूस पाठवला होता, कशासाठी ते न सांगता. वाशीला यायच्या आधीच सगळे कागद रद्दीत गेले, असं उत्तर आलं.

तर आता माझा संशय तुमच्यावर येऊन थांबलाय, पण तो कुठल्या बाजूने घ्यावा हे मला ठरवता येत नाही. आकडा तुटतो हे तुम्हाला देतानाच माहीत असेल, तर मी चुकीचं सांगितलं त्याच क्षणी तुम्ही मला नापास केलंत, आणि तोंडावर सांगितलं नाहीत. का सांगितलं नाहीत? एक शब्द पुरला असता, ‘पुन्हा बघ’. की तुम्ही ते कागद नंतर बसून वाचलेत आणि तो ७८ सापडला? आणि मग मला काय सांगणार होता, की ताळा गळका असतो? ज्यासाठी मला वर्गात मारलंत, तेच मी करायला हवं होतं? ते एखाद्या गुरुजीला जड गेलं असेल. मी असतो तर मलाही गेलं असतं. किंवा तुम्हाला काहीच ठाऊक नसेल, ताळा जुळला म्हणून तुम्हीही आकडा मूळ धरला असेल, आणि फॉर्म राहिला तो वेगळ्याच कारणाने, जे मी धरून बसलोय त्या कारणाने. वर्गांच्या जोड्या शोधणं सोपं नाही, मी बघतोय करून. एकेक वर्ग वजा करायचा आणि उरलेला वर्ग आहे का ते पाहायचं, शेकडो वेळा. दोनशे त्र्याण्णव हातात असलेला माणूस इतका खटाटोप कशाला करेल? ज्याला नुसती शंका आली आहे, तोच करेल. पण शंका कधी आली, तेच तर कळत नाही. आणि हेही असू शकतं की तुम्ही ते कुठल्या पुस्तकात वाचलंत आणि मी उगाच तुम्हाला गॅलरीत श्वास लागलेला, मांडीवर पाटी घेतलेला बघतोय.

नाही, तसं नसावं. काकू ‘दिवसभर’ म्हणाल्या होत्या. त्यांना खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

वाशीची ती इमारत पाडली, तिथे आता मोठा टॉवर आहे, तेव्हा हे पत्र टाकायला पत्ताच नाही. लिहून झालं की उशीखाली ठेवीन, सूनबाई चादर बदलताना काढेल आणि विचारेल. तिला काय सांगायचं ते बघू. पण तुम्ही कसंही करून कळवा. मोठं उत्तर नको, त्या संध्याकाळी ठाऊक होतं की नव्हतं, एवढंच. खरं सांगायचं तर मला ‘नव्हतं’ असंच ऐकायचं आहे. मग फॉर्म का भरला नाहीत ते विचारणार नाही, शब्द दुसऱ्यासाठी राखला असेल तर असू दे. पण तुम्हाला ठाऊक नसेल, तर मी ‘सगळ्यांचा ताळा जुळला’ म्हणालो आणि तुम्ही ‘ठीक’ म्हणालात, ते तुम्ही मनापासून म्हणालात. माझं काम बरोबर आहे असं, थोडा काळ का होईना, एका माणसाला वाटलं होतं. माझंही वय झालंय, डॉक्टर काय काय सांगतात, ते खरं सांगतात की नाही देव जाणे. तेव्हा वेळ लावू नका. लवकर कळवा.